पाय गेले, डोकं राहिलं

कंडक्टर कधीच काही धरत नाही, हे लक्षात यायला मला नोकरीची तीन वर्षं लागली.

कराडहून सकाळी पावणेसातला चिपळूणकडे जाणारी गाडी. मी पाटणच्या पुढे उतरायची. दीड तासाचा प्रवास, त्यातला निम्मा बहुतेक वेळा उभ्यानं. 1991 साली मी त्या खोऱ्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले आणि 2022 मध्ये निवृत्त झाले. मध्यंतरी सहज हिशेब मांडला, तर आयुष्यातली सव्वादोन-अडीच वर्षं मी निव्वळ एस.टी.त काढली आहेत असं निघालं. एवढ्या वेळात माणूस पीएचडी करतो. मी माणसं बघितली.

आम्ही सगळे वरच्या दांडीला लोंबकळलेले. कुणाच्या काखेत डबा, कुणाच्या पायाशी भाजीची पाटी. आणि मधल्या वाटेनं कंडक्टर यायचे. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच, खांद्याला चामडी पिशवी, बोटांच्या बेचक्यात उभ्या घड्या घातलेल्या नोटा. दोन्ही हात गुंतलेले. रस्ता वळणांचा, त्यात दर दोन मैलांवर कुणीतरी हात करतंय, म्हणजे ब्रेक, परत गिअर, परत ब्रेक. आम्ही एकमेकांच्या अंगावर जात होतो आणि हा माणूस कशालाही न धरता सुटे पैसे मोजत होता.

एकदा विचारलंच. "तुम्ही पडत कसे नाही हो?"

"बाई, आमचं हात मोकळं कुठं असत्यात?" ते म्हणाले. "ब्रेक लागल्यावर सावरायला गेलं की उशीर झाला. ड्रायव्हरनं पाय उचलला की इंजिनाचा आवाज बदलतोय बघा. तवाच मागं रेलायचं. आन् गाडी थांबायच्या टायमाला सरळ व्हायचं, न्हायतर उताणं पडशीला."

त्यानंतर मी रोज तेवढंच बघायला लागले. आवाज उतरला की त्यांची पाठ किंचित मागे कलायची, डोळे तिकिटावरच. गाडी थांबते त्या क्षणी आम्ही सगळे पुढे जाऊन परत एक गचका मागे खायचो, आणि ते सरळ. शाळेत जाऊन मी मांडणी केली. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. पाच सेकंदांत थांबायचं तर दर सेकंदाला वेग 2 मीटरनं कमी व्हायला हवा. तेवढ्यासाठी उभ्या माणसानं मागे किती कलायचं? साडेअकरा अंश. फळ्यावर मोठा कोनमापक लावून रेघ मारली. दिसायला काहीच नाही, भिंतीवर कॅलेंडर तिरकं लागल्यासारखं. पण ते साडेअकरा अंश त्या माणसाच्या कमरेत होते आणि माझ्याकडे बी.एस्सी.ची डिग्री असून नव्हते.

याच्या आधी, नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात, मी पडले होते. गाडी पुरती थांबली नव्हती, मला शाळेची घंटा ऐकू येत होती, म्हणून घाईनं उतरले, तेही मागच्या बाजूला तोंड करून, कारण पिशवी मागच्या सीटवरून ओढून घेत होते. पाय जमिनीला लागले आणि थांबले. मी थांबले नाही. चिखलात सपशेल पाठीवर. पोरं फाटकात उभी. तेव्हापासून कुणी म्हातारी उतरायला लागली की कंडक्टर जे ओरडतात ते मला मंत्रासारखं वाटतं: "मावशे, गाडीच्या तोंडाकडं तोंड कर आन् मग उतर!" पुढे तोंड असेल तर निदान दोन पावलं पळता येतं, आणि अंगात शिल्लक राहिलेला गाडीचा वेग त्या दोन पावलांत जिरवता येतो.

आता खरी गोष्ट. इतकं सगळं अंगावर घेऊनही मी वर्गात जडत्व चुकीचं शिकवत होते.

"बस अचानक थांबली तर प्रवासी पुढे फेकले जातात. शास्त्रीय कारण लिहा." दोन मार्कांचा हमखास प्रश्न. उत्तरही ठरलेलं. त्यात 'जडत्वामुळे' या शब्दाखाली रेघ असली की मी दोन्ही मार्क द्यायची. एका वर्षी नववीच्या मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. एरवी ती तोंड उघडत नसे.

"बाई, पण फेकतंय कोण?"

"जडत्व."

"ते कुठं असतंय? गाडीत का आपल्यात?"

"आपल्यात. प्रत्येक वस्तूत असतं."

"मग आपणच आपल्याला फेकतो व्हय?"

वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काही सुचलं नाही, आणि तास संपवला. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न माझ्याशेजारी उभा होता. खरंच, फेकायला कुणीतरी हवं ना? ब्रेक लागतो तेव्हा माझ्या पाठीला कुणाचा हात लागतो? कुणाचाच नाही. पाठीमागच्या माणसाचा धक्का लागतो तो नंतर, आणि त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागेल.

त्या संध्याकाळी रस्त्याकडेला एक माणूस म्हशी घेऊन उभा होता आणि त्याच्यासाठी म्हणून गाडीनं ब्रेक मारला. मी त्याच्या जागी उभी राहून बघायचा प्रयत्न केला. त्याला काय दिसलं असेल? एक लाल गाडी चाळीसच्या वेगानं येत होती, आत पन्नास माणसंही चाळीसच्याच वेगानं येत होती. मग गाडीचा वेग कमी झाला. माणसांचा झाला नाही. बास. म्हशीवाल्याच्या हिशेबी कुणी पुढे फेकलं गेलेलं नाही. माणसं जशी चालली होती तशीच चालली आहेत, त्यांच्या पायाखालची गाडी मागे पडली आहे. ब्रेक गाडीला लागला. गाडीनं तो आमच्या तळव्यांना लावला. डोक्यापर्यंत तो निरोप पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात डोकं पुढच्या सीटच्या दांडीपर्यंत पोचतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर उत्तर बदललं. कुणीही फेकत नाही. गाडीला अडवणारं बळ आहे, ते आपल्याला पुरेसं मिळत नाही, म्हणून आपण आपल्या आधीच्या वेगानं जात राहतो. या जात राहण्याला नाव दिलं आहे जडत्व. पोरांनी कुरकूर केली, "बाई, गाईडात असं न्हाय." ती पोरगी काहीच बोलली नाही. वहीत उतरवून घेतलं तिनं. आता ती नर्स आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा तिला हा प्रसंग आठवतही नव्हता.

या घोळाला आपला शब्दही थोडा कारणीभूत आहे असं माझं मत आहे. 'जड' म्हटलं की आपल्याला आधी वजन आठवतं, मग निर्जीवपणा, मग पाय जड होणं, डोळे जड होणं. सगळं बसून राहण्याकडे झुकणारं. पोरं लिहितात, "जड वस्तू हलत नाहीत याला जडत्व म्हणतात." कराड स्टेशनात मालगाडी सुटताना बघितली आहे का? इंजिन जिवाच्या आकांतानं ओढतं, डबे एकेक करून खडखडतात, मग कुठे गाडी सरकते. तीच मालगाडी वेगात असताना थांबवायला किती अंतर लागतं ते विचारा. सुटताना आडवं आलं तेच थांबताना आडवं येतं. त्याला आळस म्हटलं तर हा आळशी माणूस एकदा पळायला लागला की पळणं थांबवायचाही आळस करतो.

आणि गंमत म्हणजे मूळ शब्दाचा अर्थ आळसच आहे. लॅटिनमध्ये 'इनर्स' म्हणजे आळशी, निष्क्रिय. हा शब्द पदार्थविज्ञानात आणला केप्लरनं. त्याची समजूत अशी की ग्रह स्वभावतः सुस्त, ढकलणारं कुणी नसेल तर आहे तिथे बसून राहील. न्यूटननं शब्द उचलला आणि अर्थ पालटला: थांबलेलं असणं आणि सरळ रेषेत एकाच वेगानं जाणं, या दोन्हींना कुणाच्या मदतीची गरज नाही. मदत लागते ती बदलाला. तरीही 1687 सालच्या त्याच्या व्याख्येत त्यानं याला लॅटिनमध्ये चक्क 'जडत्वाचं बळ' म्हटलं आहे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मागच्या बाकावरच्या पोरीनं त्यालाही उभं केलं असतं.

आमच्या ह्यांना संस्कृतचा नाद आहे. मी असं काही घरी बोलले की ते म्हणणार, "हे आपल्याकडे होतंच." बरेचदा मी कानाआड करते. पण इथे त्यांनी पुराव्यानिशी बोलायचं ठरवलं. वैशेषिक दर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या एका जुन्या तत्त्वज्ञानात, 'वेग' नावाचा एक संस्कार सांगितला आहे. बाण धनुष्यातून सुटला की हा संस्कार त्याच्यात राहतो आणि त्याला पुढे नेतो. मला हे आवडलं. संस्कार हा शब्द तर इतका सुंदर की हेवा वाटावा. पण मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे जडत्व नाही. बाणात काहीतरी भरलेलं आहे आणि ते त्याला ढकलतं, असं झालं ना हे? युरोपातही मध्ययुगात लोक असंच म्हणत होते. न्यूटन म्हणतो आत काहीच नको. बाण जातो कारण त्यानं थांबावं असं काही घडलेलं नाही." यावर ते अर्धा तास गप्प बसले आणि मग आर्यभट घेऊन आले.

आर्यभटापुढे मात्र मी हात टेकले. इसवी सन 499. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं त्यानं लिहिलं. म्हणजे पृथ्वी फिरते. माझा म्हशीवाला आणि आर्यभटाची नाव एकाच घरातली. पण मला खरी मौज वाटते ती त्यावर वराहमिहिरानं घेतलेल्या हरकतीची: पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले ससाण्यासारखे पक्षी परत आपल्या घरट्याकडे येऊ शकले नसते. किती चोख हरकत आहे! तिला उत्तर द्यायचं तर जडत्वच लागतं: पक्षी झाडावरून उडाला तेव्हा झाडाचा वेग त्याच्याकडे होताच, आणि हवाही त्याच वेगानं निघालेली आहे. मी नववीत हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत टाकायची. आपल्या खोऱ्याच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला साधारण 440 मीटरनं पूर्वेकडे पळते. अर्धा सेकंद उडी मारली तर तुम्ही दोनशे मीटर पश्चिमेला, म्हणजे मैदान ओलांडून ओढ्यात पडायला हवं. का पडत नाही? एका वर्षी एकानं उत्तर दिलं, "बाई, एस.टी.तली माशी मागच्या काचेवर आदळत न्हाय, तसंच." मी त्याला त्या दिवशी घंटा वाजवायचा मान दिला.

गॅलिलिओनं 1632 मध्ये जहाजाच्या बंद खोलीतल्या फुलपाखरांबद्दल लिहिलं ते हेच, फक्त त्याच्याकडे फुलपाखरं होती आणि आमच्याकडे माशी. आणि 1640 मध्ये गासेंदी नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं मार्सेयच्या समुद्रात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून दाखवला. तो मागे राहिला नाही, डोलकाठीच्या बुंध्याशीच पडला. एवढं साधं काम करून बघायला लोकांनी इतकी शतकं का घालवली कोण जाणे. मी पोरांना गाडीत बसल्या जागी चिंच वर उडवून झेलायला सांगायची. हाच तो प्रयोग, आणि शेवटी चिंच खाता येते.

आता फुगा. यानं मला पंधरा दिवस झोपू दिलं नव्हतं.

पौषात पालच्या खंडोबाची जत्रा असते. आम्ही तिथून परत येत होतो. गाडी भंडाऱ्यानं पिवळीधमक, थंडीमुळे झाडून सगळ्या काचा बंद. माझ्या पुढच्या सीटवर एक लहान मुलगा आईच्या मांडीवर, त्याच्या मनगटाला दोऱ्यानं बांधलेला गॅसचा फुगा. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे. आणि तो फुगा मागे आला. हळूहळू नाही, ठरवून यावा तसा, माझ्या नाकासमोर. गाडी सुटली तेव्हा आम्ही मागे आणि फुगा ऐटीत पुढे. मी शेजारणीला म्हटलं, "बघितलंत का?" तिनं बघितलं आणि म्हणाली, "गॅस कमी भरलाय."

माझी सगळी शिकवणी त्या फुग्यानं उलटी केली. मग सुचलं की गाडीत मी एकटी प्रवासी नाही, हवाही आहे. ब्रेक लागला की हवाही पुढे जात राहते आणि पुढच्या काचेपाशी किंचित दाटते. फुगा हवेपेक्षा हलका. दाट झालेली हवा त्याला मागे सारते. पाण्यात बुडवलेला चेंडू वर येतो तसंच, फक्त इथे 'वर' म्हणजे मागे. खात्री करायला पाण्याची बाटली घेतली, थोडी हवा ठेवून आडवी धरली. गाडी सुटली की बुडबुडा पुढे, थांबली की मागे. गवंड्याच्या लेव्हल बाटलीतला बुडबुडा करतो तेच. तेव्हापासून वर्गसहलीला निघालं की प्रत्येकाच्या हातात आडवी बाटली असायची आणि ड्रायव्हर आरशातून बघून विचारायचे, "ह्या पोरांना काय झालंय?"

अजून एक प्रयोग सांगते, कारण तो कुणीही घरी करू शकेल. शाळेमागच्या आंब्याच्या फांदीला आम्ही तेलाचे दोन सारखे डबे टांगले, एकात आठेक किलो वाळू, दुसरा मोकळा. दोर सारखे, फांदीपासून डब्याच्या मध्यापर्यंत अडीच मीटर. पोरांच्या डोळ्यांना रुमाल बांधून सांगायचं: उचलायचं नाही, फक्त बोटानं आडवं ढकलायचं. वजन तर दोरानं पेललेलं. तरी पहिल्याच ढकलीत कळतं कुठला भरलेला आहे. ते जे बोटाला कळलं ते वजन नव्हे. अंतराळात वजन लागतच नाही, तिथेही ते कळतं. 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीरांना स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून हलवायचे आणि खुर्ची किती सावकाश हलते त्यावरून माणूस किती भरला ते काढायचे.

प्रयोग इथेच थांबवणार होते. पण एक उद्योगी पोरगा निघाला. त्यानं दोन्ही डबे सारखेच बाजूला ओढून सोडून दिले. दोघे बरोबरीनं झोके घ्यायला लागले. दहा झोक्यांना याला 32 सेकंद, त्यालाही 32 सेकंद. मोकळा डबा वाऱ्यानं लवकर दमला ही गोष्ट वेगळी. हलवायला आठ-दहा पटींनी अवघड असलेली वस्तू सुटल्यावर मागे का पडत नाही? कारण जितक्या पटीनं ती हलायला नाखूश, तितक्याच पटीनं पृथ्वी तिला ओढते. या दोन पटी इतक्या तंतोतंत सारख्या असाव्यात याचं न्यूटनला नवल वाटलं, म्हणून त्यानं वेगवेगळे पदार्थ भरून असेच झोके मोजले होते, आणि त्यातूनच पुढे आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा केला. आमच्या त्या पोरानं पुढे आयटीआय केलं.

आता जे लिहायचं म्हणून बसले होते त्याकडे येते.

माझ्या सासूबाई कोयनेच्या खोऱ्यातल्या. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आमचे हे तेव्हा सहा वर्षांचे, त्यांना फक्त थंडीत बाहेर बसल्याचं आठवतं. सासूबाईंना सगळं आठवायचं. त्या म्हणायच्या, "आधी आवाज आला, ट्रक आल्यागत. मग कुणीतरी अंगाखालची चटई वढली." पायाखालची जमीन सरकली असं आपण एरवी उगाचच म्हणतो, त्यांची खरंच सरकली. आणि एक तपशील त्या दर वेळी सांगायच्या. फळीवरची पितळी भांडी. सगळी एकाच अंगाला येऊन पडली होती, हंड्यापासून फुलपात्रापर्यंत, कुणीतरी हातानं सारल्यासारखी.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही गोष्ट ऐकत होते. त्या पोरीच्या "फेकतंय कोण?" नंतर एकदा ऐकली आणि पोळपाटावर लाटणं तसंच राहिलं. भांडी कुणी सारली नव्हती. फळी खालून निघून गेली होती. जमीन गेली, जमिनीबरोबर भिंत गेली, भिंतीबरोबर फळी गेली, आणि भांडी होती तिथेच राहिली. खाली आधार नाही म्हणताना पडली.

घराचंही तेच. भूकंप घर पाडायला येत नाही. तो फक्त पाया हलवतो, एस.टी.नं गचकन सुटावं तसा. घर म्हणजे न धरता उभा असलेला प्रवासी. पाय गेले, डोकं राहिलं. आणि डोकं जितकं जड, तितकं ते जास्त राहतं, तितकी मधली भिंत जास्त ओढली जाते. कोयनेत पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जे झालं ते तर महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. त्या भागातली घरं दगडमातीची, भिंती जाडजूड, वर माळवद. लाकडावर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गारवा म्हणून. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती धरली तर आठ टन भरते. आठ टन वस्तू जाग्यावरून हलायला तयार नाही आणि तिच्याखालच्या, चिखलात रचलेल्या भिंतीला मात्र जमीन घेऊन चालली आहे. पहाटेची वेळ, माणसं झोपलेली. त्या आठवड्यात मी वर्गात गतीचे नियम शिकवले नाहीत. जमलं नाही.

धरणाची गोष्ट मात्र मी दर सहलीला सांगायची. कोयना धरण 103 मीटर उंच. खालच्या अंगाचा उतार वर जाताना एका उंचीवर एकदम बदलतो, तिथून माथा जवळजवळ उभा. 1967 च्या धक्क्यात धरण फुटलं नाही, पण भेगा पडल्या आणि त्या नेमक्या तिथेच, त्या बदलाच्या आसपास. पोरांना मी म्हणायची, गाडीचा गचका बसला की कुठे दुखतं? मान. धरणाचीही मानच अवघडली. नंतर खालच्या अंगानं काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ती मान सावरली.

आणि जे जडत्व भिंती पाडतं, तेच भूकंप मोजतं. भूकंपमापकात एक जड वस्तू स्प्रिंगला किंवा तारेला अलगद टांगलेली असते. जमीन हलते, खोली हलते, यंत्राची चौकट हलते, फक्त ती वस्तू जागची हलायला वेळ घेते. तेवढ्या वेळातली तिची आणि चौकटीची फारकत कागदावर उमटते. सासूबाईंच्या फळीवरच्या हंड्याचं हे शिकलेलं भावंड.

गेल्या वर्षी आम्ही गावच्या घराची डागडुजी काढली. गवंडी म्हणाला, स्लॅबवर विटांचे चार खांब घालू आणि त्यावर हजार लिटरची टाकी ठेवू, वरच्या मजल्याला पाणी जोरात येईल. मी नको म्हटलं. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, तो हसला. "मावशी, स्लॅबच पंधरा टनांचा आहे. एका टनानं काय होतंय?"

"स्लॅब भिंतीला धरून आहे," मी म्हटलं. "टाकी कुणाला धरून आहे?"

तो जरा थांबला. मग म्हणाला की लोखंडी स्टँड करून स्लॅबला बोल्टनं पक्की केली तर चालेल. चालेल, मलाही पटलं. पण त्याचा खर्च ऐकून ह्यांना पटलं नाही. तेव्हा टाकी आता मागच्या अंगणात चार फुटी कट्ट्यावर आहे, खालच्या नळाला करंगळीएवढी धार येते, आणि ह्यांची बादली भरेपर्यंत पूर्ण संध्या होते.